कासवाचं उजवं

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना जे वळण डावीकडे, तेच उतरताना उजवीकडे. आमच्या सातवीतल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण लोगो या संगणकाच्या भाषेतल्या, आज्ञेप्रमाणे रेघ काढत चालणाऱ्या कासवाकडून पडद्यावर हाच घाट काढून घ्यायला बसवलं, की दुसऱ्या वळणावर भांडण ठरलेलं. "अरे, उजवीकडे वळव!" "वळवलं की! ते डावीकडं चाललंय!" कासवाचं तोंड खाली असतं, त्यामुळे त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. मी मध्ये पडत नाही. शेवटी एकजण उठतो, वर्गाच्या फरशीवर कासव होऊन उभा राहतो आणि दुसरा त्याला आज्ञा देतो.

फॉयरझाइग, पॅपर्ट आणि सॉलोमन यांनी 1967 साली अमेरिकेत लोगो ही भाषा घडवली. कोडं अडलं की मुलानं स्वतःच कासव होऊन चालून बघावं, हा पॅपर्टचा आग्रह. मी त्यात एक जोडतो: चालणाऱ्याला आज्ञा देणारा दुसरा हवाच. एकटं मूल चुकीची आज्ञाही मनातल्या मनात सुधारून घेतं आणि पुढे जातं. दुसरा तसं चालू देत नाही.

आपल्याच रायगडात, कर्जत तालुक्यातल्या एका लहान शाळेत 2007 साली प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपमध्येही शेजारच्यासोबत एकच काम उघडायची सोय मुद्दाम ठेवलेली होती. माझ्याकडे हवी तेवढी यंत्रं आली, तरी मी एकापुढे दोघांनाच बसवीन. एकाच्या हाती कीबोर्ड, दुसऱ्याच्या तोंडी विचार. घाटात ट्रक मागे घेताना ड्रायव्हर आणि क्लीनर असतात तसे. जागा मात्र सारख्या बदलायच्या, नाहीतर चपळ मूल कीबोर्ड सोडतच नाही.

समभुज त्रिकोणाच्या दिवशी हे फार चांगलं दिसतं. पुस्तकात कोन 60 अंशांचा, म्हणून सगळ्या जोड्या 60च टाकतात. तीन बाजू होतात आणि निघतो अर्धा षटकोन. मग कोणीतरी बोट फिरवत म्हणतं, "कोपऱ्यावर आपण सरळ जात होतो, तिथून किती वळलो ते बघ ना." 120! पुस्तकातला आतला कोन आणि चालणाऱ्याचं वळण वेगळं, हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा शेजारणीकडून ऐकलेलं पक्कं बसतं.

गुण देताना प्रोग्राम समजावून सांगायला मी त्यालाच उभं करतो, ज्याच्या हाती शेवटी कीबोर्ड नव्हता.