बेट, आमिष आणि चारा

आमच्या शाळेत इंग्रजीचे सर रजेवर होते आणि तो तास आमच्या वाट्याला आला. (उर्दूतल्या ‘हम’ची सवय अशी जडली आहे की मराठी लिहितानाही आम्ही ‘आम्ही’च असतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) धड्यात ‘बेट’ हा शब्द आला. अर्थ विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन!” वर्ग हसला. चूक त्या मुलाची नव्हती. देवनागरीत लिहिले की आमिषाचे आणि जमिनीच्या तुकड्याचे ‘बेट’ एकच होते.

आम्ही फळ्यावर ‘आमिष’ लिहिले. तोही शब्द कुणाला नीट उमगेना. मग खाडीकाठच्या एका मुलाला विचारले, गरवायला जातोस तेव्हा गरीला काय लावतोस? “कोळंबीचा तुकडा, सर.” झाले, तेच बेट. संस्कृतात आमिष म्हणजे मांसच. सामिष, निरामिष त्यातूनच आले. घरी शब्दकोश काढला तेव्हा आम्हालाही नवे सापडले. इंग्रजी शब्द मूळचा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, अर्थ ‘चावायला लावणे’. चाव्याचा ‘बाइट’ त्याचाच सख्खा भाऊ. म्हणून साखळीने बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या खेळालाही इंग्लंडात हेच नाव होते. 1835 साली कायद्याने तो बंद झाला, पण मुद्दाम डिवचणे हा अर्थ मागे राहिला. आणि जुन्या काळी प्रवासात वाटेवर थांबून घोड्याला खाऊ घालणे, तेही बेटच.

इथे आम्हाला आपला ‘चारा’ आठवला. जनावराला घालतात तोही चारा, माशासाठी गळाला लावतात तोही चारा. उर्दूत आणखी एक चारा आहे, फारसीतून आलेला. त्याचा अर्थ इलाज, उपाय. ज्याला तो नाही तो लाचार, तो बेचारा. मराठीने हे दोन्ही शब्द कधीचे आपले करून टाकले. दोन्ही ‘चारा’ वेगवेगळ्या घरचे, उच्चार मात्र एकच. वर्गात हे सांगताना आम्ही फार खुशीत होतो.

त्याच आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. कॉम. होऊन दोन वर्षे झालेली, नोकरी नाही. त्याने मोबाइल पुढे केला. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीचे काम, महिना ऐंशी हजार, राहणे-खाणे मोफत, मुलाखत नाही. फाइलचे पंचेचाळीस हजार तेवढे आधी भरायचे. व्हिजिटवर जायचे, परमिट तिकडे गेल्यावर होईल. आईने बांगड्या काढून ठेवल्या होत्या. “सर, इंग्रजी बरोबर आहे ना, तेवढे बघा.”

इंग्रजी बरोबर होते.

आम्ही त्याला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटाचे नाव शोधायला लावले. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी तिथे असते, आणि अशा एजंटाला तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नाव मिळाले नाही. मग जुन्या बातम्या दाखवल्या. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली मुलांना बेकायदा म्यानमारमध्ये नेतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच दिला होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 भारतीयांना थायलंडच्या सीमेवरून परत आणले. त्या अड्ड्यांवर मुलांचे पासपोर्ट काढून घेतात आणि कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांच्याकडून दुसऱ्यांना फसवण्याचे काम करून घेतात. खाडीवरची मुले छोटा मासा पकडून तोच गरीला लावतात, मोठ्यासाठी. तसेच.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मेसेज खोटा आहे, कळले सर. मग इथे काय करू?”

आम्ही स्पर्धा परीक्षांची नावे घेतली, तालुक्याच्या ठिकाणी टॅलीचा क्लास आहे तो सांगितला. त्याने हे सगळे करून पाहिले होते. चहा निवून गेला. चाऱ्याचे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून आम्ही शाबासकी मिळवली होती. त्याला हवा होता तो दुसरा चारा आमच्याकडे नव्हता.

पैसे त्याने भरले नाहीत. सध्या मोबाइलच्या एका दुकानात बसतो. त्याच्या आईची समजूत मात्र अशी झाली आहे की सरांनी मुलाची नोकरी घालवली. बाजारात दिसल्या की सलाम करतात, पूर्वीसारख्या थांबत नाहीत.