खाऱ्या वाऱ्यातलं थिएटर

होम थिएटरसाठी कॉम्प्युटर हवाय, बजेट पंधरा हजार, असं म्हणत कोणी दुकानात आलं की मी प्रोसेसरचं नाव काढत नाही. घर बारमाही उघडं असतं की गणपती-शिमग्यापुरतं, हे आधी विचारतो. माणूस बुचकळ्यात पडतो. पुण्या-मुंबईच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नसणार. रत्नागिरीत मात्र अर्धं बिल या उत्तरावर ठरतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मिऱ्यापासून भाट्यापर्यंत घरात शिरणारा खारा वारा. रोज चार तास चालणारं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. दहा महिने बंद असलेलं यंत्र खोक्यातून नवंकोरं काढून ठेवलेलं असलं तरी रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतं, यूएसबीच्या भोकांत कुंभारमाशी माती भरून जाते, आणि एखादी पाल एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, शिरून स्वतःसकट सगळंच संपवते.

दुसरा प्रश्न, बघणार काय? नुसतं ओटीटी बघायचं असेल तर मी गिऱ्हाईक सरळ परत पाठवतो. टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक तीन-चार हजारांत येते आणि ते काम कॉम्प्युटरपेक्षा नीट करते. ओटीटीवाले आपला माल कुलूपबंद पाठवतात आणि कुठल्या यंत्रावर ते कुलूप किती उघडायचं, हे तेच ठरवतात. मान्यताप्राप्त स्टिकवर पूर्ण ४के दिसतं. तेवढीच वर्गणी भरून लिनक्सच्या ब्राउझरमध्ये बघायला बसलात तर कमी रिझोल्यूशनवर भागवावं लागतं. हे मी दुकानात उभा राहून सांगतो म्हणून माझा भाचा मला हसतो. हसू दे.

उरतात ती स्वतःचा माल असलेली माणसं. नाचण्यातल्या एका निवृत्त मास्तरांचं उदाहरण घ्या. त्यांच्या कपाटात नाटकांच्या व्हीसीडी, दोन्ही मुलींच्या लग्नांच्या डीव्हीडी, गावच्या नमनाचं चित्रीकरण, नातवाच्या पेनड्राइव्हमधले सिनेमे आणि एक व्हीएचएस कॅसेट. कॅसेटीवर पांढरी बुरशी. हे सगळं टीव्हीवर एका ठिकाणी, एका रिमोटवर आणि काकूंना कळेल असं हवं होतं. अशा कामाला होम थिएटर पीसीच लागतो. इथे कसब खरेदीत कमी आणि जुळवणीत जास्त आहे.

तरी खरेदीचं सांगतो, कारण बजेटचा जीव तिथेच असतो. मी नवे पार्ट घेऊन असेंबल करणं जवळजवळ सोडून दिलंय. कंपन्यांच्या ऑफिसांतून लीज संपून बाहेर पडलेले छोटे पीसी लॅमिंग्टन रोडला मिळतात. जाड पुस्तकाएवढं यंत्र, वजन सव्वा किलोच्या आसपास, आत आय५ किंवा आय३. रात्रीच्या गाडीने पार्सल टाकलं की सकाळी रत्नागिरीत. हे स्वस्त का झाले, याचं कारण मजेशीर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला अधिकृतपणे दारात उभं करत नाही. म्हणजे ठणठणीत यंत्रं केवळ कागदावर म्हातारी झाली. त्याच सुमारास नव्या रॅमचे भाव भडकले, त्यामुळे आत रॅम घेऊनच येणारा जुना पीसी आणखी परवडू लागला. मला तर विंडोज नकोच असतं. मी लिब्रेईएलईसी टाकतो. ती लिनक्सच, फक्त चालू झाली की थेट कोडी हा सिनेमे-गाणी चालवणारा प्रोग्रॅम उघडणारी. कोडीचा जन्मही असाच, २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालवायची कोणाकोणाला हुक्की आली त्यातला. आताचं नाव २०१४पासूनचं.

जुन्यात घेताना एक गोष्ट मी डोळ्यांत तेल घालून बघतो, ती म्हणजे पिढी. सहाव्या आणि सातव्या पिढीच्या भावात हजार-पाचशेचाच फरक असतो. पण १० बिटचा एचईव्हीसी व्हिडिओ सातवी पिढी ग्राफिक्स चिपमधल्या खास मंडलावर उलगडते, आणि सहावीला तो भार मुख्य प्रोसेसरवर ओढावा लागतो. पंखा भणभणतो, चित्र अडखळतं. एव्ही१ हा त्याहून नवा व्हिडिओ प्रकार हवा असेल तर अकरावी पिढी किंवा २०२३मध्ये आलेला एन१००. हा सहा वॅटचा प्रोसेसर मला फार आवडतो. ज्यांचं घर इन्व्हर्टरवर चालतं त्यांना मी हाच देतो. आणखी एक खोच आहे. या जुन्या छोट्या यंत्रांचा एचडीएमआय बहुधा १.४चा असतो, त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झवर निघतं. शेजारी डिस्प्लेपोर्ट असतो. त्याला चांगला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावला की तेच यंत्र ६० हर्ट्झ देतं. हजारभराच्या वायरीने काम भागतं, आणि लोक मात्र दहा हजारांचं नवं यंत्र घ्यायला निघालेले असतात.

वाचवलेले पैसे मी भिंतीत घालतो. म्हणजे अर्थिंगमध्ये. आमच्याकडे जमीन जांभ्याची. चैत्र-वैशाखात ती अशी कोरडी पडते की मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही पाणी घातल्याशिवाय दाद देत नाही. अर्थिंग नसलेल्या घरात पीसीच्या पत्र्याला उलटा हात लावून बघा, बारीक झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधले छोटे कपॅसिटर वीज गाळून पत्र्यावर सोडत असतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य, माणसाला धक्का म्हणण्याएवढाही नाही. पण टीव्ही आणि पीसी दोन्ही चालू असताना एचडीएमआय खोचली की तोच करंट केबलच्या वाटेने निघतो, आणि टीव्हीचा पोर्ट जातो. पोर्ट मेलेले टीव्ही दुरुस्तीला येतात तेव्हा लोक केबलला दोष देतात. म्हणून माझा शिरस्ता, केबल आधी, वीज नंतर. तिसरी पिन मोडून टाकलेला प्लग दिसला की मी जोडणी करायलाच नकार देतो, मग गिऱ्हाईक नात्यातलं का असेना.

विजेचा दुसरा तडाखा परतीच्या पावसात. दसऱ्याच्या आगेमागे दुपारी आभाळ भरून येतं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात रांग. त्यातल्या निम्म्या यंत्रांचा लॅन पोर्ट गेलेला, कारण वीज लाइटच्या वायरीतून येतेच असं नाही, ती इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही येते. लोकांनी प्लग काढलेला असतो, ही तार तशीच. फायबर आल्यापासून हे बरंच कमी झालं. काचेतून वीज वाहत नाही.

बंद घरांची तऱ्हा वेगळी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हमखास फोन येतो, "दादा, टीव्हीवर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलंय आणि रिमोट चालत नाय." मी जागेवरूनच सांगतो, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा व्यासाने किंचित लहान अशी एक बॅटरी आत आहे, सीआर२०३२, ती उतरली. घर बंद करताना मेन स्विच पाडतात, ते योग्यच. पण मग घड्याळ चालवायचा सगळा भार त्या तीन व्होल्टच्या चकतीवर येतो. प्लग लावून ठेवलेल्या यंत्रात ती वर्षानुवर्षं टिकते. ऑफिसातून आलेल्या यंत्रातली मुळातच आठ वर्षांची असते. ती संपली की यंत्र तारीख विसरतं, चालू होताना "तारीख नाही, एफ१ दाबा" म्हणून अडून बसतं. एफ१ कुठून दाबणार? घरात कीबोर्डच नाही. आता मी यंत्र देतानाच नवी बॅटरी घालतो, आणि बायॉसमध्ये जाऊन चुकीवर न थांबण्याची सूचना देऊन ठेवतो. चाकरमान्यांना तर मी सांगतो की यंत्र गावाला ठेवूच नका. सव्वा किलो तर आहे, बॅगेत घालून मुंबईला न्या, तिथे वापरा, शिमग्याला परत आणा. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून. छोटं यंत्र घ्यायचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण, दिसायला सुबक वगैरे नंतर.

मास्तरांच्या व्हीसीडीकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे होती. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. टीव्ही मात्र सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवायला बसलेला. २५ने ६०ला भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा तर काही तीनदा दाखवली जातात. एरवी हे ध्यानात येत नाही. पण 'वस्त्रहरण'सारख्या नाटकात पात्रं रंगमंचभर पळायला लागली आणि कॅमेरा त्यांच्यामागे फिरला की दर पावलाला ठेच लागल्यासारखं दिसतं. मास्तर म्हणाले, "सीडी खराब असेल रे." सीडी ठीक होती. कोडीत रिफ्रेश रेट चित्राप्रमाणे बदलण्याची सोय असते, ती बंद असते म्हणून लोकांना माहीत नाही. चालू केली, टीव्हीने क्षणभर डोळे मिटले आणि ५० हर्ट्झवर उघडले. आता प्रत्येक चित्र बरोब्बर दोनदा. १९८० साली रंगभूमीवर आलेलं गवाणकरांचं नाटक, त्यात मच्छिंद्र कांबळींची चाल सरळ दिसायला लागली. हा बदल फुकट होता. माझ्या कामातली बहुतेक मोलाची दुरुस्ती अशी फुकटची असते, त्यामुळे तिचं बिल कसं लावायचं हे मला अजून जमलेलं नाही.

लग्नाच्या डीव्हीडीत वेगळा त्रास. तिथे चित्र एक आड एक ओळींचं, त्यामुळे वधू मान वळवते तेव्हा कडेला फणीचे दात दिसतात. ते डीइंटरलेसिंगने जातात. मास्तरांची तक्रार मात्र तिसरीच, "दोन्ही बाजूंना काळं का? टीव्ही एवढा मोठा घेतला तो कशाला?" ताणून दाखवलं. काकूंनी स्वतःच्या जावयाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा तेव्हा एवढा जाडा नव्हता." काळ्या पट्ट्या परत आल्या.

जुन्या सीडी वाचायला मी नवा पातळ ड्राइव्ह वापरत नाही. जुना डेस्कटॉपचा जाडजूड सीडी रायटर जास्त चिवट. तो कमी वेगावर लावून, जिथे अडेल तिथे पुनःपुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवतो. बुरशीची कॅसेट तर चांगल्या व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, हेडला बुरशी लागली की पुढची कॅसेटही जाते. त्यासाठी एक भंगारातला व्हीसीआर बळीचा म्हणून ठेवलाय. आधी त्यात पुढेमागे फिरवून, पुसून, मग दुसऱ्यात.

आवाजासाठी नवं काही घेतलं नाही. मास्तरांकडे फिलिप्सचा जुना डेक होता, ऑक्सची भोकं शाबूत. स्पीकरही बरे. सिनेमांचा आवाज सहा वाटांचा असतो, आणि बोलणं बहुतेक मधल्या वाटेत. दोनच स्पीकर असले की ते बोलणं बाकीच्या गोंगाटात दबतं. सेटिंगमध्ये मधली वाट जरा चढवली. तरी आषाढात पडवीच्या पत्र्यावर सर कोसळते तेव्हा कुठलंही सेटिंग पुरत नाही. त्यावर काकूंचा तोडगा, सबटायटल. नाटकाला सबटायटल कुठून आणणार? मग सर ओसरेपर्यंत पॉज.

रिमोटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वायरलेस कीबोर्ड सोफ्यावर ठेवणारी माणसं मला कधी कळली नाहीत. पीसीच्या एचडीएमआयमधून बहुधा टीव्हीच्या रिमोटची आज्ञा पुढे जात नाही, म्हणून फ्लर्क नावाचा यूएसबीचा छोटा रिसीव्हर लावला. त्याला कुठल्याही रिमोटची बटणं शिकवता येतात, कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्डच आहे. जुन्या सेट टॉप बॉक्सचा रिमोट घेतला, चार बाण, ओके, मागे आणि पॉज एवढंच शिकवलं आणि बाकी बटणांवर इन्सुलेशन टेप मारली. कोडीचा पहिला पडदाही तसाच केला. हवामान, गाणी, ॲडऑन सगळं काढून चार फळ्या, नाटकं, लग्नं, सिनेमे, गाव. नावं मराठीत. काकूंना एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी मला दाखवलं.

सगळा खर्च सतरा हजारांच्या आत बसला, त्यात अर्थिंगचा वायरमन धरून. डिस्कची एक प्रत मुलाच्या डोंबिवलीच्या घरी ठेवायला मी भाग पाडलं, कारण एकाच डिस्कवर ठेवलेला माल हा गेलेलाच धरावा. आता झालंय असं, की नमनाचं चित्रीकरण मुंबईत पोहोचल्यावर गावच्या मंडळींकडून आणखी कॅसेटी यायला लागल्या आहेत, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या ट्रंकेतून. दोन टेराबाइट भरत आले. चारची डिस्क मागवलीय, उद्या सकाळच्या गाडीने येईल, आणि मास्तरांनी तिच्यासाठी कपाटातली डीव्हीडींची एक फळी आधीच रिकामी करून ठेवलीय. डिस्क तळहाताएवढी असते हे त्यांना सांगायचं राहिलंय.