पुरे

"तुला पोट भरल्याचं कळतं कसं गं?"

ताईनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. पौषातली दुपार, तिच्या सांगलीच्या घराचं मागचं अंगण, मधे वर्तमानपत्रावर शेंगांचा ढीग. तिची नजर शेंगेवर होती, आवाजात गाऱ्हाणं नव्हतं. 'तुझं लोणचं वर्षभर टिकतं कसं' असं कुणी विचारावं, तितक्या सहज तिनं विचारलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, साठी आली तरी मी याचा कधी विचारच केलेला नाही. कळतं म्हणजे कळतं. तिसरी पोळी अर्ध्यावर आली की घास जरा जड होतो. आमटी तीच असते, पण तिच्यातली गोडी मावळते. हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. मी जमेल तसं सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला असं कधी झाल्याचं आठवत नाही. पातेलं रिकामं झालं की मी थांबते. नाहीतर कुणी बघतंय म्हणून थांबते."

एवढं बोलून तिनं पुढची शेंग घेतली.

आमच्या घरात मी 'शहाणी' होते आणि ताई 'हावरी'. मला आई मागे लागून वाढायची, ताईच्या पानावर मात्र तिचा हात आखडायचा. एकाच ओळीत, एकाच जेवणात, आईचे ते दोन हात. आई दुष्ट नव्हती. पोरीच्या लग्नाची काळजी तिला होती, चाळीतल्या बायकांच्या बोलण्याची होती. ताईचं नाक आत्याचं, केस आत्याचे, हसणंही थेट आत्यासारखं, असं सगळे कौतुकानं म्हणत. आत्याही अंगानं मोठी होती. पण 'भूकही आत्याचीच आहे' असं मात्र कुणी म्हटलं नाही. नाक देवानं दिलेलं आणि भूक तिची स्वतःची, तिच्या वाईट सवयीची, अशी वाटणी घरानं करून टाकली होती.

स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या खणात बेसनाच्या लाडवांचा पितळी डबा असे. त्याचं झाकण घट्ट होतं. ते उघडताना आधी पत्र्याचा बारीकसा कण्हल्यासारखा आवाज येई आणि मग दबलेला 'ठप्'. दिवाळीनंतरच्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकत असे. मग बराच वेळ काहीच नाही. मग झाकण लावल्याचा आवाज, उघडण्याहून कितीतरी हळू. ताई परत येऊन माझ्याशेजारी आडवी होई. तिच्या हाताला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास असे. एकदा सकाळी मी आईला सांगितलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते, ताई तेरा. फडताळाला कुलूप लागलं. किल्ली आईच्या कनवटीला गेली.

पुढे तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीला आनुवंशिकता. मेंडेलचे वाटाणे मी किती वेळा फळ्यावर काढले असतील, गोल आणि सुरकुतलेले, उंच झाड आणि बुटकं झाड. पण भूकसुद्धा अशीच आईबापांकडून येत असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही, आणि मांडीवर मटार घेऊन बसलेल्या माझ्या बहिणीला ते मला विचारावं लागलं. त्या दिवसानंतर मी वाचत सुटले.

सगळ्यात आधी मला गाठलं ते तान्ह्या बाळांनी. 2007 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या जुळ्यांची 2,400 कुटुंबं लंडनच्या संशोधकांनी एका अभ्यासासाठी गोळा केली. जेन वॉर्डल आणि क्लेअर लेवेलिन ही त्यातली मुख्य नावं. बाळं अजून नुसत्या दुधावर होती तेव्हा कशी पीत होती, हे त्यांनी आईबापांना विचारलं. सावकाश पितं का, पोट भरलं की लगेच तोंड फिरवतं का, आत्ताच पाजलेलं असूनही पुन्हा दिलं तर घेतं का. हुबेहूब जुळी आणि साधी जुळी यांची तुलना केली, तेव्हा दिसलं की पोट लवकर भरण्याच्या बाबतीत बाळाबाळांत जो फरक असतो, त्यातला सुमारे 72 टक्के जनुकांच्या खात्यावर जातो. पिण्याच्या संथपणाचा 84 टक्के. ज्या जिवानं अजून लाडू पाहिलेला नाही, मोह हा शब्द ऐकलेला नाही, त्याचंही 'पुरे' शेजारच्या पाळण्यातल्या 'पुरे'हून वेगळं असतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्याच 2007 साली एफटीओ नावाच्या जनुकाची गोष्ट पुढे आली. सोळाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातला एक बारीकसा फरक ज्यांना आई आणि बाप दोघांकडूनही मिळतो, ती माणसं तो अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जड असतात. तीन किलो म्हणजे फार नाही. पण हे तीन किलो येतात कुठून? पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या मुलांवरचा अभ्यास आला. हा फरक असलेली मुलं ऊर्जा कमी जाळत होती असं नव्हे. त्यांनी खाल्लेल्या अन्नाचं वजनही इतर मुलांइतकंच होतं. पण त्यांच्या पोटात उष्मांक जास्त जात होते, कारण समोरच्या पदार्थांतले जड पदार्थ ती जास्त घेत होती. पुढे असे शेकडो बारीक फरक सापडले. एकेकाचा वाटा चिमूटभर. आणि त्यांतल्या अनेकांचा रोख मेंदूत काम करणाऱ्या जनुकांकडे निघाला. चरबीचं कोडं उलगडता उलगडता माणसं मेंदूपाशी पोचली.

भुकेचं सगळ्यात उघडं रूप मला केंब्रिजमध्ये तपासलेल्या एका मुलीत दिसलं. 1997 साली तिथल्या डॉक्टरांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं तपासली. मुलगी आठ वर्षांची आणि 86 किलो वजनाची. मुलगा दोन वर्षांचा आणि 29 किलोंचा. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि मेंदूला कळवते, की साठा आहे, आता पुरे. या मुलांच्या शरीरात ते संप्रेरक तयारच होत नव्हतं. मेंदूला वाटत होतं, उपासमार चालू आहे. मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर तिला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं. वर्षभरात तिचं वजन सोळा किलोंनी उतरलं. त्याहूनही मला लागलं ते हे, की तिचा अन्नाचा ध्यास उतरला. कुणी तिला रागावलं नाही, शिकवण दिली नाही, कुलूप लावलं नाही. हरवलेला एक निरोप पोचता केला, इतकंच. असा पूर्ण बिघाड जगात फार थोड्यांना असतो, ताईचं तसं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलीला त्याआधी किती जण काय काय म्हणाले असतील, हा विचार काही केल्या जात नाही.

जनुक म्हणजे कपाळावरची रेघ, असं मात्र मी समजत नाही. त्याच ब्रिटिश जुळ्यांच्या घरांत पुढे डोकावलं गेलं. चार वर्षांची मुलं, 925 जोड्या. ज्या घरांत खाऊ सतत हाताशी, टीव्ही जास्त, खेळायला जागा कमी, त्या घरांतल्या मुलांच्या वजनातल्या फरकात जनुकांचा वाटा 86 टक्के निघाला. घर याच्या उलट असेल तर तोच वाटा 39. म्हणजे बी तेच, पण माती त्याला बोलू देते किंवा गप्प ठेवते. मोठ्या माणसांतही, जे अंगमेहनत करतात त्यांच्यात एफटीओचा जोर सुमारे चतुर्थांशानं कमी पडतो. ताईच्या वयाच्या बायकांना फिरायला बाग कुठे होती? ती मैदानावर दिसली असती तर तिला हसणारे आधी जमले असते.

आणि मी, घरातली शहाणी? बावन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. डॉक्टरांसमोर मी चिडलेच, मी तर बारीक आहे म्हणाले. त्यावर त्यांनी मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक जुनं छायाचित्र दाखवलं. 'लॅन्सेट'मध्ये 2004 साली आलेलं. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच अशी असल्याचं त्यांनीच दाखवलं होतं: वजनाला हलकी, हातपाय काटकुळे, पण त्वचेखाली चरबी राखून ठेवलेली. काटा बघून माणूस ओळखायची आपली खोड किती आंधळी आहे, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. ताईची साखर अजून ठीक आहे. माझ्या डब्यात गोळ्या.

परवा तिच्याकडे गेले होते. पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा आम्ही दोघीच. तिनं भात वाढला, तूप घातलं, मेतकूट पुढे सरकवलं. मनात इतकी वर्षं अडकलेलं मी अखेर बोलून टाकलं. म्हटलं, ताई, त्या कुलपाला कारण मी होते, आईला मीच सांगितलं होतं.

तिनं भात कालवला. "माहीत होतं मला."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. पण तू एवढीशी होतीस." मग जरा थांबून म्हणाली, "ते झाकण भलतं कडक होतं. उघडताना आवाज व्हायचाच, त्याला इलाज नव्हता. लावताना तरी मी हळू लावायचे. तुझी झोप मोडेल म्हणून."

मी काही बोलले नाही. तिनं माझ्या भातावर आणखी थोडं तूप घातलं, आणि मी तिला पुरे म्हटलं नाही.