टायराची सोयरीक

मोटारीचा टायर धडधाकट असेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. गाडी नवी आली की लोक रंगाचं कौतुक करतात, सीटवर हात फिरवतात, पेढे खातात. टायरांच्या वाट्याला येतात ती चार लिंबं, आणि तीही चिरडायला. वास्तविक सगळी गाडी, तिच्यातली माणसं, डब्यातल्या पोळ्या आणि डिकीतल्या बॅगा मिळून जो काय भार असेल, तो रस्त्याला टेकतो चार तळहातांएवढ्या जागेवर. आमच्या शेजारच्या निवृत्त इंजिनियरांनी हे सांगितल्यापासून गाडीत बसलं की माझ्या तळपायांना मुंग्या येतात.

आमची गाडी म्हणजे २००८ सालची मारुती ८००. हे मॉडेल २०१४ मध्येच बंद झालं. २०२३ साली गाडीला १५ वर्षं भरली, तेव्हा तपासणी होऊन आणि पर्यावरण कर भरून तिला आणखी ५ वर्षांची मुदतवाढ मिळाली. मला माझ्या नोकरीत असली मुदतवाढ मिळाली नव्हती. त्यामुळे घरात तिचा मान माझ्यापेक्षा थोडा जास्तच आहे.

तर या गाडीचं पुढचं डावं चाक मागच्या पावसाळ्यात घरापासून दोनशे पावलांवर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गेलं. हा खड्डा आदल्या दिवशी तिथे नव्हता. पुण्यातले खड्डे पाऊस पडला की अळंब्यांसारखे रातोरात उगवतात. त्याच्या काठावर उखडलेला पेव्हर ब्लॉक होता, त्याचा कोपरा टायराला लागला आणि दुसऱ्या दिवशी टायराच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा आला.

पंक्चरवाल्याने फुग्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली.

"काका, आतली दोरी तुटली. हा गेला."

"पॅच मारून नाही का भागणार?"

"पॅच रस्त्याला टेकतो तिथं. साइडला नाही चालत. हा आज फुटंल, सहा महिने पण जाईल. आपण नाही सांगू शकत."

असं बोलायला डॉक्टर लोक हजार रुपये घेतात. त्याने पंधरासुद्धा घेतले नाहीत.

एरवी मी सहा महिन्यांच्या बाजूने कौल लावला असता. पण येत्या रविवारी साताऱ्याला जायचं होतं. लेकीला सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण, आणि तिला माहेरी आणायचं होतं. जावयांनी "बाबा, मी टॅक्सी करून पाठवतो" असं म्हटलंही होतं. त्यावर हिने फोन हातातून काढून घेऊन सांगितलं, "आमची गाडी आहे की!" गाडी होती. टायर नव्हता. आणि वाटेत खंबाटकी होता.

स्टेपनी होती, पण ती आता फक्त नावाला चाक राहिली होती. तिच्यावरची नक्षी माझ्या डोक्यावरच्या केसांच्याही आधी गेली. (स्टेपनी हा शब्द मला पुष्कळ वर्षं आपला वाटायचा. तो वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक विकायला लागले, आणि आता तो रस्ता आपल्याकडे पानवाल्यालासुद्धा पाठ आहे.)

भंगारवाल्याने वर्षापूर्वी सगळ्या गाडीचे २२,००० सांगितले होते. नवा टायर २,५०० च्या आसपास. म्हणजे चार टायर घातले तर गाडीच्या निम्म्या किमतीचे जोडेच तिच्या पायात. तेव्हा स्वस्तातला टायर शोधणं आलं. आणि मुलीसाठी स्थळ शोधायला निघावं तसे अख्ख्या गोतावळ्याचे सल्ले आले.

आमचे साडू रिमोल्डच्या बाजूचे. झिजलेल्या टायरावर नवं रबर चढवायचं, जुन्या धोतराला नवा काठ लावावा तसं.

"अहो, एसटीसुद्धा रिमोल्ड वापरते. साताऱ्याला एसटीने जाता तेव्हा कुठे खाली वाकून बघता?"

मुद्दा बिनतोड होता. पण एसटीला सहा टायर असतात, आणि त्यांची निगा राखायला कार्यशाळा असते. आमच्या चिमुकल्या टायरावर कोणी, कुठे आणि कोणत्या मनःस्थितीत रबर चढवलं हे कोण सांगणार?

मग मी आणि इंजिनियर जुन्या टायरांच्या दुकानात गेलो. पत्र्याची शेड, छतापर्यंत टायरांच्या उतरंडी, आणि सगळे टायर पॉलिश मारून वधूपरीक्षेला बसवल्यासारखे चकचकीत.

"घ्या काका, एकदम कडक माल. डॉक्टरची गाडी होती. फक्त घर ते दवाखाना." ७०० रुपये.

जुनी वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला एक डॉक्टर कुठून सापडतो, आणि हे सगळे डॉक्टर दवाखान्याच्या इतके जवळ कसे राहतात, हे मला उमगलेलं नाही. इंजिनियरांनी चष्मा कपाळावर नेला आणि पत्रिका वाचायला घेतली. टायरावर लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच. १४५/७० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, आणि आतल्या रिमचा व्यास १२ इंच. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! गणिताच्या पेपरात मुलाने असं लिहिलं तर मास्तर पट्टी काढतील. पुढे ६९ एस. हा ६९ म्हणजे टायर ३२५ किलो पेलणार, आणि 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत दगा देणार नाही. आमची गाडी ७० ला रामरक्षा म्हणायला लागते. तेवढा भाग सोडून दिला.

"आणि ही जन्मतारीख," इंजिनियर म्हणाले. लंबगोलात चार आकडे होते: १११४. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा.

"वापर नाय काका, पडूनच होता," दुकानदार म्हणाला.

पडून राहिलं म्हणून वय थांबत नाही, हे निवृत्त माणसाला काय सांगायचं! रबर जुनं झालं की ताठर होतं, त्याला बारीक भेगा जातात, आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. दुकानदार कडक माल म्हणाला, ते अक्षरशः खरं होतं.

रबराला या कामाचं केलं ते चार्ल्स गुडइयरने. १८३९ साली गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची युक्ती त्याला सापडली. त्याआधी आणि त्यानंतर तो कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिला आणि १८६० साली देणेकरी म्हणूनच मेला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तीही परक्या माणसांनी काढली. टायरात पैसा घातला की तो परत दिसत नाही, ही परंपरा अशी मुळापासूनची आहे.

शुक्रवारी संध्याकाळी हिने विचारलं, "काय ठरलं?" मी ७००, १,२०० आणि २,५०० असे तीन आकडे तिच्यापुढे मांडले. ती डिंक तळत होती. झारा न थांबवता म्हणाली,

"लाडवांना गावठी तूप घेतलं तेव्हा भाव केलात? नाही ना? मग लाडू खाणारी ज्याच्यावर बसून येणार, त्याचा कसला भाव करताय?"

शनिवारी आम्ही नव्या टायरांच्या दुकानात. तिथे थंडगार हवा, काचेचं टेबल आणि टाय बांधलेला मुलगा. तो म्हणाला, "सर, टायर जोडीनं घेतात. एका बाजूला नवा, एका बाजूला जुना, असं बरं नाही." सोयरिकीला गेलो तर मुलाने धाकट्या भावाचंही जमवून टाकावं तसं झालं. पण हिने जोडीला होकार दिला आणि मग मात्र भाव केला. २०२५ च्या सप्टेंबरात टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे तिला पाठ होतं. बिलात कितीने कमी धरलंय ते तिने तीनदा विचारलं. "नायट्रोजन भरू का?" असं मुलाने म्हणताच इंजिनियर मागून गरजले, "साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो!" तेवढे पैसे वाचले. जुन्यातला बरा टायर स्टेपनीला गेला.

"नवी जोडी मागे बसवतो," मुलगा म्हणाला. मला वाटत होतं पुढे. त्यावर ओल्या रस्त्यात मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते, पुढची घसरली तर तशी फिरत नाही, असं त्याने पाच मिनिटं कागदावर बाण काढून समजावलं.

"मागेच बसवा," ही म्हणाली. "लेक मागे बसणार आहे."

रविवारी जाताना खंबाटकी चढलो, येताना बोगद्यातून आलो. मागून ट्रक हॉर्न मारत होते. मी पन्नासच्या वर गेलो नाही. माझे दोन्ही कान मागच्या चाकांवर. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपली असेल असं समजून मी रेडिओही लावला नव्हता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी ती उठून बसली.

"बाबा, गाडी खडखडत का नाहीये? मला झोपच लागेना."

"पड गं," ही म्हणाली, "कात्रज आलं की खड्डे आहेत."