मिळालेल्या घरातली माणसे

मराठीत घराला तीन क्रियापदे लागतात. कुणी घर बांधतो, कुणी घर घेतो आणि कुणाला घर मिळते. पहिल्या दोघांच्या बोलण्यात एक ठसका असतो. 'आम्ही बंगला बांधला तेव्हा' किंवा 'आम्ही ब्लॉक घेतला त्या साली' अशी त्यांच्या गोष्टींची सुरुवात होते, आणि गटार तुंबले की हीच मंडळी पाच मिनिटांत कुणाला तरी फोन लावतात. तिसऱ्याचे व्याकरणच निराळे. 'मला घर मिळाले' या वाक्यात घरच कर्ता होऊन बसते आणि ज्याला ते मिळाले तो बिचारा चतुर्थी विभक्तीत, हात पुढे करून उभा! वर्गात हे उदाहरण मी देत नाही. पण कारकप्रकरण आले की मला आमची वसाहत आठवल्यावाचून राहत नाही.

आमचे घर मिळालेले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठची निम्मीअधिक पेठ पाण्याखाली गेली. माझे आजोबा नदीजवळच्या एका वाड्यात भाडेकरू होते. वाड्यासकट भांडीकुंडी, अंथरुणे आणि आजीचे लग्नातले शालू वाहून गेले. मग पुण्यात पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. काही कुटुंबांनी पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्येही संसार मांडले. आजोबांना अशाच एका वसाहतीत दीड खोली मिळाली. दरमहा बिनचूक भाडे भरूनही ते शेवटपर्यंत 'सरकारने दिली' असेच म्हणत आले. छत गळू लागले की खाली पातेले ठेवायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "गळतंय, पण आहे तरी डोक्यावर!" या वाक्यात कृतज्ञता होती आणि पुढच्या दोन पिढ्यांचे मौनही होते.

हे मौन केवळ आमच्या वसाहतीचे नव्हे. १९९५ साली मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, २०१५ साली पंतप्रधान आवास योजना आली, आणि प्रत्येक योजनेबरोबर एक शब्द गावोगावच्या याद्यांमध्ये जाऊन बसला: लाभार्थी. शब्द म्हणून त्यात वावगे काही नाही. पण लाभार्थ्याने लाभ घ्यावा आणि वाटेला लागावे, हे तो शब्दच सुचवतो. विद्यार्थी निदान प्रश्न तरी विचारतो! लाभार्थ्याने प्रश्न विचारला, की 'मिळालंय तर मुकाट्याने राहावं' असे त्याला शेजारीच सुनावतात.

सुशिक्षितांच्या बैठकीत या लोकांविषयी बोलणे निघाले म्हणजे 'जागृती नाही हो' असा निकाल हटकून लागतो. मला तो मुळीच पटत नाही. आमच्या चाळीत सकाळी नळावर तासभर उभे राहावे. पाणी कोणत्या वाराला कमी येते, कचऱ्याची गाडी कोणत्या कोपऱ्यावर थांबत नाही, कोणत्या चेंबरचे झाकण पावसात उचलले जाते, याची इतकी बारीक माहिती कोणत्याही अहवालात सापडायची नाही. जाणीव आहे. नसते ते धाडस, आणि धाडस नसायला कारणे आहेत.

पहिले कारण कागदांचे. आजोबांच्या नावावरची खोली नातवाच्या नावावर झालेली नसते. मधला काका गावी, आत्या कोल्हापुरात, आणि सर्वांच्या संमतीचा कागद व्हायचा राहून गेलेला. दुसरे कारण पोटमाळ्याचे. दीड खोलीत तीन पिढ्या मावत नाहीत, म्हणून कुणी पुढे पत्रा ओढला, कुणी वर फळ्या टाकल्या. ज्याचा स्वतःचा पोटमाळा नियमात बसत नाही, तो सार्वजनिक नळाबद्दल आवाज कसा चढवणार? साहेब पाहणीला आला आणि त्याने मान वर केली तर? तिसरे कारण खाड्याचे. सरकारी बैठक म्हटली की ती कामाच्या वारी सकाळी अकराला. आमच्याकडची माणसे त्या वेळी कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या रिक्षात, कुणाच्या दुकानात असतात. त्यांना बोलके करायचे तर पुस्तिका वाटून भागत नाही. बैठक संध्याकाळची हवी आणि पोटमाळ्याची भीती थोडी बाजूला ठेवता यावी, म्हणजे चारजण एकत्र जायला हवेत. एकट्याच्या छपराकडे पाहणे सोपे असते. चाळीस छपरांकडे एकदम कोण पाहणार?

एक काळ असा होता की हे सारे नगरसेवकाच्या दारात चिठ्ठी देऊन भागत असे. त्यात कामे होत, पण मागणी करणारा पुन्हा चतुर्थीतच राही. नंतर तीही सोय उरली नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या महापालिकेतील लोकप्रतिनिधींची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. जवळजवळ चार वर्षे प्रभागाला नगरसेवक नाही! १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या खऱ्या, पण निवडलेले सभासदच नसतील तर समिती कशाची? आमच्या वसाहतीची मात्र यात एक नकळत सोय झाली. चिठ्ठी द्यायला दार नाही म्हटल्यावर लोक स्वतः काय करता येईल ते विचारू लागले.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाची पद्धत आहे. आपल्या भागात काय हवे ते २०२३ साली छापील अर्जावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात देता येत असे. पदपथ, दिवे, बसथांबा, बाक अशी लहान कामे त्यात सुचवता येतात. हे कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते, आणि आमच्याकडे तर असा अर्ज कुणी कधी केलाच नव्हता. २०२३ च्या गणेशोत्सवात एके रात्री आरती झाल्यावर मी मंडपात एवढेच म्हटले, की असा एक कागद असतो आणि तो भरायला पैसे पडत नाहीत.

"उगाच वाकड्यात कशाला शिरा, सर?" एक निवृत्त कंडक्टर काका म्हणाले. "आपली पायरी ओळखून असावं."

पायरीचे नाव निघाले म्हणून मी त्यांना जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगितली. याच पुण्याच्या नगरपालिकेत ते १८७६ ते १८८२ सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणाले, "ते फुले होते." यावर उत्तर काय द्यायचे? त्यामानाने १९९९ ते २००१ च्या सुमाराची, अलीकडची गोष्ट त्यांना अधिक पटली. त्या काळात पुण्यात सार्वजनिक शौचालयांच्या चारशेहून अधिक इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या बऱ्याच कामांत 'महिला मिलन'मधल्या वस्तीतल्या बायकांचा हात होता. बायकांची रांग निराळी असावी, मुलांसाठी लहान बैठका असाव्यात, राखणदाराला तिथेच खोली असावी, हे आराखड्यात आले ते रांगेत वर्षानुवर्षे उभे राहिलेल्यांमुळे. "रांगेत तर आम्हीही उभ्या राहिलोय," मागून एक मावशी म्हणाल्या.

या मावशी पाच घरी पोळ्या करतात आणि रात्री साडेनवाला बसमधून उतरून घरी येतात. थांब्यापासून वसाहतीपर्यंत जुन्या टाकीमागून एक बोळ आहे. त्यात दिवा नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. ठरले, की अर्ज दिव्याचा करायचा. एका बी.कॉम. झालेल्या मुलाने रातोरात मसुदा केला. 'उपरोक्त विषयास अनुसरून निम्नस्वाक्षरीकार सविनय सादर करतात की, सदर परिसरात प्रकाशव्यवस्थेचा अभाव असल्याने नागरिकांची गैरसोय होत असून...' मुलाचा दोष नाही. १९६२ साली राज्याचा 'पदनाम कोश' निघाला तेव्हा लोकांनी गमतीने त्याला 'बदनाम कोश' म्हटले, पण साठ वर्षांत ती भाषा आपल्या हाडीमासी खिळली आहे. सरकारशी बोलायचे म्हणजे सरकारसारखे बोलायचे, असा आपला समज. मुलाने मसुदा मोठ्याने वाचला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "यात अंधार कुठाय?"

मराठीचा प्राध्यापक म्हणून वीस वर्षांत मी इतकी नेमकी समीक्षा क्वचित ऐकली असेल.

मग मावशी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. 'टाकीमागच्या बोळात रात्री स्वतःचा हात दिसत नाही. कामावरून येणाऱ्या आम्ही अकरा बायका आहोत. एकीने दुसरीसाठी थांब्यावर थांबावे लागते, मग घरी पोरे उपाशी बसतात. पावसात चेंबर कुठे आहे ते पायाने चाचपत यावे लागते. इथे दोन दिवे पाहिजेत.' मी एक स्वल्पविराम घातला, एवढेच माझे संपादन. सहीपाशी गाडी अडली. "खोली सासऱ्यांच्या नावावर आहे, ते तर गेले. मी सही केली तर चालेल का? खोलीचं काही निघणार नाही ना?" मी सांगितले, की अर्ज दिव्याचा आहे, खोलीचा नव्हे, आणि बोळातून सासरे जात नव्हते, तुम्ही जाता. त्या जराशा हसल्या, पण पेन हातात धरून बराच वेळ बसल्या. शेवटी अकराही जणींनी सह्या केल्या, कंडक्टर काकांनी तिथेच बाराव्या क्रमांकाला आपली केली, आणि नंतर बायकोला मात्र सांगितली नाही.

कार्यालयात आम्ही चौघे गेलो. मी आपला भिंतीशी उभा राहिलो; प्राध्यापक पुढे झाला की बाकीचे मुके होतात, हे मला वर्गावरून ठाऊक आहे. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला आणि जवळच्या खांबाचा क्रमांक विचारला. बी.कॉम. गडबडला. मावशींनी क्रमांक आकड्यानिशी सांगितला. रोज रात्री दुसरीची वाट पाहत त्या त्याच खांबाखाली उभ्या राहतात. दुसरे वाचायचे तरी काय? बाईंनी तो समासात लिहून घेतला, शिक्का मारला आणि पोच दिली. मावशींनी कागद उलटसुलट पाहिला. "यावर माझंच नाव आहे," त्या म्हणाल्या, आणि घरापर्यंत कुणालाच तो धरू दिला नाही.

दिवे पुढच्या वर्षी आले. दोन्ही एकदम आले, याचे श्रेय कुणाकुणाला ते आमच्याकडे अजून वादात आहे. एक चांगला लागतो. दुसऱ्याच्या पुढ्यात गुलमोहराची फांदी वाढली आहे, त्यामुळे त्याचा उजेड पानांतच राहतो. परवा मावशी संध्याकाळी दार वाजवून आल्या. फांदी छाटण्याचा अर्ज त्या देऊन आल्या होत्या. मसुदा त्यांचा, अक्षर त्यांच्या सातवीतल्या नातीचे, सह्या या वेळी सतरा. मला फक्त पोच दाखवायची होती. ती दाखवून त्यांनी घडी घातली, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत पहिल्या पोचेवर ठेवली, आणि म्हणाल्या, "निघते, पोळ्यांची वेळ झाली."