पाटा आमचा तुटला, पण प्रश्न रस्त्याचा आहे

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा. पण ज्यांच्या घरी पिकअप, छोटा हत्ती, जीप काहीही आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या घरी एक जुनी पिकअप आहे. कागदावर भावाच्या नावावर, चालवतो पुतण्या. भाजीपाला, खताच्या गोण्या, लग्नसराईत मंडपाचं सामान, जे मिळेल ते भाडं. माझ्या पत्रकारितेच्या मानधनावर घर चालत नाही, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. घर या पिकअपवर चालतं.

ऑगस्टच्या शेवटी एका पहाटे पुतण्या टोमॅटो उतरवून परत आला आणि अंगणात गाडी लावून गप्प बसून राहिला. गाडी डाव्या बाजूला झुकलेली. म्हणाला, “काका, पुलाच्या उतारावर खड्ड्यात आदळली. स्टेअरिंग हातात राहिना. गाडी आपोआप डावीकडं ओढत होती.”

खाली वाकून बघितलं. पुढचा डावा मेन पाटा तुटला होता. आमच्या गाडीला पुढं कमानीचे पाटे आहेत. सगळ्यात वरच्या लांब पाट्याच्या टोकाला गोल वळण असतं, त्यात बुश बसतो आणि तिथूनच तो चासीला जोडलेला असतो. त्या वळणापासून चार बोटांवर सरळ तुटलेला. खालचा दुसरा पाटा त्याच वळणाला थोडा वेढा देऊन असतो, म्हणून एक्सल जागेवर राहिला. नाहीतर ती पहाट वेगळी असती.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. आदल्या संध्याकाळी याच गाडीत मागं खुरपणीच्या नऊ बाया बसून आल्या होत्या. मालगाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे मला माहीत आहे. गावात दुसरं वाहन नाही, हेही माहीत आहे. पण त्या नऊ जणींपैकी एक माझी चुलती होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गॅरेजवाल्यानं मजुरी 5 हजार सांगितली, सामान वेगळं आणि नंबर आठ दिवसांनी. तेवढे दिवस गाडी उभी ठेवून परवडत नाही. मग आमच्या गल्लीतले चाचा आले. चाळीस वर्षं एसटीच्या आणि ट्रकच्या खाली झोपून काम केलेला माणूस, आता डोळ्यानं कमी दिसतं. म्हणाले, “पत्रकार, हात तुमचे, डोकं माझं. घरीच करू.”

चाचांनी पहिलं काम सांगितलं ते पाटा खोलायचं नव्हतं. दोन्ही चाकं उचलली, चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या. “जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, जॅक बसला की माणूस बसतो.” मग चाक वर आणि खाली धरून हलवायला सांगितलं. चाक खडखड वाजलं. “आता पोराला ब्रेक दाबून धरायला लाव.” ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग ढिलं. राहिली तर किंग पिन गेली. आमची खडखड तशीच राहिली. दोन्ही बाजूंना.

म्हणजे पाटा हे फक्त बाहेर दिसलेलं दुखणं होतं.

पाटे काढले. यू-बोल्टचे नट एवढे गंजलेले की डिझेल टाकून रात्रभर भिजवावे लागले, तरी दोन छिन्नीनंच तोडले. चाचा म्हणाले, तुटले नसते तरी टाकूनच द्यायचे होते. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की परत वापरायचा नाही. शॅकलचे बुश हातात चिवड्यासारखे आले. हब, बेअरिंग, ब्रेक प्लेट उतरवून किंग पिन काढायला गेलो तर ती निघेना. गॅसनं गरम करून घणाचे ठोके दिले, तेव्हा कुठं हलली. ग्रीसच्या जागी तांबडा चिखल होता. खड्ड्यातलं गढूळ पाणी आत जातं, ग्रीस धुऊन जातं, मातीचे कण आत राहतात आणि पॉलिश पेपरासारखे लोखंड घासत बसतात. पिनच्या एका बाजूला नखाला लागेल एवढी झीज.

नवे किंग पिन बुश घरी बसत नाहीत. ते दाबून बसवायचे आणि पिनच्या मापानं आतून कातून घ्यायचे, त्यासाठी लेथवर जावं लागलं. बाकी सगळं अंगणात केलं. नवा मेन पाटा दोन्ही बाजूंना घातला, कारण एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी बसते. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बरोबर बसलं का ते तीनदा बघितलं. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली चाकांवर उतरवल्यावर, हे मला माहीतच नव्हतं. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवे शॉकअप घातले, अलाइनमेंट करून आणली. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळले.

आता हिशोब. मेन पाटे 4,400. बुश आणि शॅकल 900. चार यू-बोल्ट 720. किंग पिन किट 1,900. शॉकअप 2,400. लेथ 500, अलाइनमेंट 400, ग्रीस-डिझेल किरकोळ 280. झाले 11,500. चाकं वाकडी चालून पुढचे दोन टायर आतून खाल्लेले, ते 11,000. एकूण 22,500. मजुरी शून्य, आणि पाच दिवसांचं भाडं बुडालं ते यात धरलेलं नाही. चाचांनी पैसे घेतले नाहीत. तंबाखूची पुडी घेतली आणि वर मला ऐकवलं, “तुम्ही पेपरात रस्त्याचं लिहिता ना? मग हे बिल पेपरात छापा.”

हे बिल नेमकं कोणाचं?

आम्ही गाडीचा कर भरतो. डिझेलच्या दरात रस्त्याच्या नावानं उपकर भरतो. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करून आणतो. किंग पिन हलली तर गाडी नापास व्हायला पाहिजे, बरोबरच आहे. पण ज्या रस्त्यानं ती हलवली, त्या रस्त्याचा फिटनेस कोण तपासतं?

लेथवर जाताना पुतण्यानं पुलाजवळ मोटरसायकल थांबवली. तिथं एक फलक आहे. मी त्यावरून हजार वेळा गेलो असेन. कामाचं नाव, लांबी, रक्कम, ठेकेदार आणि खाली देखभालीची मुदत. ती मुदत अजून संपलेली नाही! ग्रामीण रस्त्यांच्या कामात, उदाहरणार्थ प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत, काम पूर्ण झाल्यावर पुढची 5 वर्षं नेहमीची देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात असते. आमच्या फलकावरही तेच लिहिलंय. खड्डा बुजवणं हे कोणाचे उपकार नाहीत, करारातलं काम आहे.

आणि आता माझी चूक. या रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी मीच दिली होती. पाच कॉलम, फोटोसकट. व्यासपीठावरची सगळी नावं क्रमानं लिहिली, एकही चुकलं नाही. देखभालीची मुदत मात्र लिहिली नाही, कारण मी ती विचारलीच नव्हती. दिवाळी अंकाला त्याच ठेकेदाराची पानभर जाहिरात होती आणि तिचं कमिशन मला मिळालं होतं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा प्रश्न पाठ केले होते. सातवा प्रश्न, म्हणजे “किती दिवस टिकणार?”, तो मला पाट्यानं शिकवला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोस्ट अर्धवट होईल. रस्ते फक्त ठेकेदार खात नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये रस्त्यावर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली होती. तेव्हापासून इंजिनिअर लोक ढोबळमानानं एक नियम धरतात, की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळा पट होते. वाळूचे भरगच्च हायवा रात्री कोणत्या रस्त्यानं जातात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमची पिकअप त्यांच्यापुढं चिलट. पण आमचा पुतण्याही कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरत होता, आणि पाटे सरळ होईपर्यंत भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की तुटणारच. मला माहीत होतं, मी बोललो नाही, कारण जास्तीच्या भाड्यातच घरचा गॅस येत होता.

आणि पाणी. डांबराचा खरा शत्रू पाणी आहे. आमच्या रस्त्याला कडेची नाली नाही, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालीय, पाणी रस्त्यावरच उभं राहतं. पावसाळ्यात त्यात मुरूम टाकतात. दोन दिवसांत मुरमाचा चिखल होतो, आणि तोच आमच्या किंग पिनमध्ये निघाला.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमी झालं तर 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198अ आलंय. रस्त्याच्या कामात, देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळं कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड. चांगलंच आहे. पण हे सगळं माणूस मेल्यावर किंवा मोडल्यावर. पाटा तुटतो तेव्हाच जाग यायला पाहिजे. पाटा ही पहिली नोटीस असते.

मी काय केलं ते सांगतो. माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिलाय. करारातल्या देखभालीच्या अटी, आजवर केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी, दिलेली बिलं आणि तपासणी करणाऱ्याचं पद, एवढंच मागितलंय. 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. उत्तर येईल ते इथं जसंच्या तसं टाकीन. यंदाच्या अंकासाठी त्या ठेकेदाराची जाहिरात मी घेणार नाही, हे त्यांना फोन करून सांगितलं. ते हसले. म्हणाले, “साहेब, दुसरा घेईल.” घेईलही.

घरी दोन नियम केले. वजन कागदाप्रमाणं. आणि मागं माणसं नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात चुलती फाट्यापर्यंत चार किलोमीटर चालत गेली आणि मला बोलून गेली, “तुझ्या नियमानं माझे पाय दुखले.” तिला उत्तर देता आलं नाही. शेतमजूर बायांच्या प्रवासाचा प्रश्न मी नियम करून सोडवला नाही, फक्त आमच्या गाडीतून खाली उतरवला. त्यावर वेगळं लिहायचंय.

तुम्हाला एवढंच सांगणं. आपल्या रस्त्याचा फलक शोधा, मुदत बघा, फोटो काढा. खड्ड्याचा फोटो तारखेसकट ठेवा. पाटा, शॉकअप, टायर, जे गेलं त्याचं बिल फेकू नका. आमच्या रस्त्यावरच्या अकरा गाडीवाल्यांनी आतापर्यंत बिलं आणून दिलीत. कमेंटमध्ये नुसतं “खरं आहे भाऊ” लिहू नका, बिल टाका.

आणि हो, आज रात्री गाडी उचलून चाक एकदा हलवून बघा. मागं कोण बसलंय, हे खड्ड्याला माहीत नसतं.