चिपटं, मापटं, शेर

पसरट वाडग्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की चार-पाच वर्षांचं पोर ठामपणे सांगतं, "ह्यात जास्त हाय!" पाणी त्याच्या डोळ्यांदेखत ओतलेलं असतं, थेंबही सांडलेला नसतो. ज्याँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांनी १९४१ साली स्वित्झर्लंडमधल्या मुलांची अशीच उत्तरं पुस्तकात नोंदवली. साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलाचा विश्वास पाण्याच्या पातळीवर असतो.

म्हणून त्याला समज नाही, असं मात्र नाही. जेरोम ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पेल्यांपुढे पडदा धरला. पातळी दिसेनाशी होताच लहानग्यांपैकी कितीतरी जणांनी बरोबर सांगितलं: पाणी तेवढंच आहे.

हाताला हे आधी कळतं. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. गोळा लांबवला, चपटा केला, तरी माती तेवढीच राहते, हे त्या मुलांना बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा चांगलं उमगलं होतं. बेळगावजवळचं खानापूर तर मातीकामाचंच गाव. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था तिथेच आहे. तिथल्या पोरांना हा धडा अंगणातच मिळू शकतो.

सीमाभागातल्या जुन्या घरांत शिकवण्याचं साहित्यही तयार असतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. फळ्यावर आकडा न लिहिताच दुप्पट आणि निम्मं मुलांच्या हाती येतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, गावातल्याच वस्तू वापरल्या. अंगणवाडीत जोंधळे आणि ही मापं ठेवली, की बाईंनी एवढंच विचारायचं, "कशात जास्त मावंल?" आधी अंदाज, मग ओतणं. एकातलं दुसऱ्यात ओतताना सांडलं तर पहिलं मोठं. जागा उरली तर दुसरं. शीग लावायची की माप सपाट भरायचं, हेही मुलांनीच ठरवावं, कारण नियम एक नसेल तर तुलनाच होत नाही.

पुढची पायरी भांडणातून येते. एक पोर घागरीत बारा पेले मोजतं, दुसरं त्याच घागरीत नऊ. दोघंही खरं बोलतात, फक्त पेले वेगळे. पूर्वी शेरही मुलखागणिक बदलायचा. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच डिसेंबरात देशभर एकच दशमान मापं आणणारा कायदा झाला. बाईंनी लिटरचं माप लगेच पुढे करू नये. दोघांना पेल्यांची अदलाबदल करू द्यावी, पुन्हा मोजू द्यावं आणि सगळ्यांनी एकच पेला वापरायची मागणी पोरांकडूनच येऊ द्यावी.